बेल्जियम : मिटलेलं भांडण की आखलेली रेघ?

कडुलिंब (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:१४

सीबीएसईच्या दहावीच्या नागरिकशास्त्रात पहिलाच धडा सत्तेच्या वाटणीचा आहे. त्यात बेल्जियमला शाबासकी आणि श्रीलंकेला छडी. बेल्जियमने दोन भाषांचा तंटा समजूतदारपणे सोडवला, श्रीलंकेने १९५६ साली सिंहलीचा कायदा करून घर पेटवून घेतलं, असा एकूण सूर. श्रीलंकेबद्दल माझा वाद नाही. बेल्जियमबद्दलचे आकडे मात्र खटकतात. देशातले ५९ टक्के लोक उत्तरेकडच्या फ्लेमिश भागात (फ्लँडर्समध्ये) राहतात आणि डच बोलतात, ४० टक्के दक्षिणेकडच्या वालोनियात राहतात आणि फ्रेंच बोलतात, उरलेला १ टक्का जर्मन. राजधानी ब्रुसेल्समध्ये ८० टक्के फ्रेंच, २० टक्के डच. देशभरातली पोरं दरवर्षी हे पाठ करतात.

आता वालोनियात देशाचे ४० टक्के लोक राहत नाहीत, जेमतेम एक तृतीयांश राहतात. चाळीसचा आकडा ब्रुसेल्सचे फ्रेंच भाषक धरल्याशिवाय जमत नाही. ही किरकोळ बाब. खरी गोम पुढे आहे. ‘तुम्ही कोणती भाषा बोलता?’ हे बेल्जियमने आपल्या लोकांना १९४७ नंतर जनगणनेत विचारलेलंच नाही. १९६१ साली चक्क कायदा करून तो प्रश्न फॉर्मवरून काढून टाकला. ज्या देशाचं अख्खं राजकारण भाषेवर चालतं, त्या देशाला कोण किती हे अधिकृतपणे ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. असं का झालं ते जमेल तसं मांडतो.

हा मुलुख १८१५ ते १८३० नेदरलँड्सच्या राजाकडे, विल्यम पहिल्याकडे होता. त्याने उत्तरेकडच्या प्रांतांत डच ही कारभाराची भाषा केली. तिथल्याच वरच्या वर्गाला ते रुचलं नाही. पाद्र्यांना त्याचा प्रोटेस्टंटपणा नको होता, उदारमतवाद्यांना त्याचा एकतंत्री कारभार. ऑगस्ट १८३० मध्ये ब्रुसेल्सच्या ऑपेराघरातून बाहेर पडलेल्या गर्दीने दंगा सुरू केला आणि ऑक्टोबरात देश स्वतंत्र झाला. (खेळ बघून उठले आणि थेट क्रांती. हौस दांडगी.) १८३१ च्या घटनेने भाषेचं स्वातंत्र्य दिलं, ज्याला जी भाषा हवी ती त्याने वापरावी. ऐकायला झकास. पण तेच स्वातंत्र्य न्यायाधीशाला, कारकुनाला आणि लष्करी अधिकाऱ्यालाही होतं, आणि ही मंडळी फ्रेंच वापरत. फ्लेमिश शेतकऱ्याने हवं ते बोलावं, समोरच्याने ते समजून घ्यायचं बंधन कुणावरच नव्हतं.

एक गोष्ट इथेच पक्की करू, नाहीतर पुढचं सगळं वाकडं दिसतं. डच आणि तिच्या बोली बोलणारे पहिल्यापासून बहुसंख्य होते. आणि त्यांच्या डोक्यावर फ्रेंच बसवणारे दक्षिणेतले वालून नव्हते. गेंट, अँटवर्प, ब्रूजचे गिरणीमालक, जमीनदार, वकील हे फ्लँडर्सचेच लोक. आपसात फ्रेंच बोलायचे आणि नोकरांशी फ्लेमिश, म्हणजे डचची तिथली बोली. म्हणजे भांडण आधी माडीवरच्यांचं आणि तळमजल्यावरच्यांचं होतं. उत्तर विरुद्ध दक्षिण हे रूप त्याला मागाहून आलं.

१८६० साली यान कुक आणि पीटर गुथाल्स या दोन फ्लेमिश मजुरांचा खुनाच्या आरोपावरून दक्षिणेतल्या शार्लरोआत शिरच्छेद झाला. खटला फ्रेंचमध्ये चालला होता. ते निर्दोष होते का, यावर आजही वाद आहे. पण ‘आपली माणसं न कळणाऱ्या भाषेत मारली’ ही गोष्ट गावोगाव पोचली. फ्लँडर्समधल्या फौजदारी कोर्टांत डच आणणारा कायदा आला १८७३ मध्ये. मग १८७८ ला कारभार, १८८३ ला माध्यमिक शाळा, असं तुकड्यातुकड्याने. डचमध्ये छापलेला कायदा फ्रेंचइतकाच ग्राह्य, हे ठरायला १८९८ उजाडलं. गेंटचं विद्यापीठ पूर्ण डच झालं १९३० साली. देशाच्या घटनेची डच प्रत अधिकृत ठरली १९६७ मध्ये! एकशे छत्तीस वर्षं बहुसंख्यांच्या भाषेतली घटना म्हणजे नुसता अनुवाद होता.

१९३२ च्या कायद्याने नवी पद्धत आणली. उत्तरेत डच, दक्षिणेत फ्रेंच, ब्रुसेल्स दुभाषिक. पण सीमेवरच्या गावांचं काय? तर दर जनगणनेत मोजायचं. एखाद्या गावात दुसऱ्या भाषेचे ३० टक्के झाले की त्यांना त्यांच्या भाषेत कागदपत्रं द्यायची, ५० च्या वर गेले की गावाची भाषाच बदलायची. कागदावर याहून न्याय्य काय असणार! प्रत्यक्षात जनगणना हीच निवडणूक झाली. ब्रुसेल्स फुगत होतं, भोवतालच्या गावांत फ्रेंच कुटुंबं येत होती, आणि वर चढू पाहणारे फ्लेमिशही फॉर्मवर फ्रेंच लिहीत होते. १९४७ चे आकडे इतके स्फोटक निघाले की ते १९५४ पर्यंत दाबून ठेवले. जाहीर झाले तेव्हा एव्हर, गान्सहोरेन आणि सिंट-आगाथा-बेर्केम या तीन पालिका फ्लँडर्समधून निघून दुभाषिक ब्रुसेल्समध्ये गेल्या.

फ्लेमिश लोकांनी यातून धडा घेतला की मोजत राहिलो तर आपण दर दहा वर्षांनी आक्रसत जाणार. पुढच्या जनगणनेच्या वेळी फ्लेमिश महापौरांनी भाषेचा प्रश्न असलेले फॉर्म वाटायलाच नकार दिला. सरकारने प्रश्न वगळला. १९६१ आणि १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रुसेल्सवर मोर्चे निघाले. नोव्हेंबर १९६२ च्या कायद्याने भाषेची सीमा कायमची आखून टाकली. माणसं हलली तरी रेघ हलणार नाही.

धड्यात ज्याला तडजोड म्हटलंय तिचा पाया हा आहे. भाषा माणसाची न राहता जमिनीची झाली. ते चूक की बरोबर, यावर माझं मत अजून पक्कं होत नाहीये. तिकडे राहणाऱ्यांनी जरूर लिहा.

चिंचगूळ | रविवार, रात्री ९:४०

वाचनखूण साठवली आहे. सावकाश वाचणार.

टपरीवाला_तत्त्वज्ञ | रविवार, रात्री १०:०५

बहुसंख्य असून गप्प कसे?

लेख आवडला. एक शंका. बहुसंख्य होते तर मतपेटीतून का नाही उलथवलं? आपल्याकडे इतकी वर्षं कुणी थांबलं नसतं.

कडुलिंब | रविवार, रात्री १०:३१

मतपेटी होती कुठे! सुरुवातीला कर भरणाऱ्यांनाच मत, म्हणजे लोकसंख्येच्या एका टक्क्याच्या आसपास. तो एक टक्का फ्लँडर्समध्येही फ्रेंच बोलणारा. १८९३ ला सगळ्या पुरुषांना मत मिळालं, पण शिकलेल्याला आणि मालमत्तावाल्याला एकाहून जास्त मतं. तरी फरक पडलाच. १८९८ चा समानतेचा कायदा त्यानंतर पाच वर्षांतच आला, तो योगायोग नव्हे. एक माणूस एक मत आलं पहिल्या महायुद्धानंतर.

शिवाय पोट. १८४५ नंतर फ्लँडर्समध्ये घरगुती लिननचा धंदा बसला आणि बटाट्यावर कीड पडली. लोक अक्षरशः उपासमारीने मेले. जे निघू शकले ते वालोनियाच्या कोळसाखाणींत गेले. आज वालून पुढाऱ्यांमध्येही फ्लेमिश आडनावं भरपूर दिसतात, ती तिथली.

ल्युव्हनकर | सोमवार, दुपारी १:२२

ल्युव्हनमधून

इथे बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. कडुलिंब यांनी १९६२ वर थांबवलंय, पण खरा भडका त्यानंतरचा, आणि तो आमच्या गावात.

ल्युव्हनचं कॅथलिक विद्यापीठ पंधराव्या शतकातलं. शहर फ्लँडर्समध्ये, पण विद्यापीठात डच आणि फ्रेंच असे दोन्ही विभाग. सीमा आखल्यावर प्रश्न उभा राहिला : इथल्या फ्रेंच प्राध्यापकांच्या मुलांना फ्रेंच शाळा हव्यात, म्हणजे फ्लेमिश जमिनीवर फ्रेंच वस्ती वाढणार. ब्रुसेल्सपासून ल्युव्हन आणि वाव्हरपर्यंतचा सगळा त्रिकोण फ्रेंच होईल अशी भीती होती. मे १९६६ मध्ये बिशपांनी जाहीर केलं की विद्यापीठ एकसंध राहील. कॅथलिक फ्लँडर्समध्ये बिशपचा शब्द म्हणजे पूर्वदिशा, पण या वेळी विद्यार्थी रस्त्यावर आले. घोषणा होती ‘वालेन बाउटेन’, वालूनांनो चालते व्हा. फेब्रुवारी १९६८ मध्ये यावरून सरकार पडलं. विद्यापीठ तुटलं. फ्रेंच अर्ध्यासाठी सीमेपलीकडे ऑटिग्नीजवळच्या शेतांत नवं गावच वसवलं, लुव्हँ-ला-नव्ह, म्हणजे नवं ल्युव्हन. १९७१ ला त्याचा पायाचा दगड बसला.

ग्रंथालयाची वाटणी तर ऐकण्यासारखी आहे. हे ग्रंथालय १९१४ ला जर्मनांनी जाळलं, जगाने वर्गणी काढून पुन्हा उभारलं, १९४० ला पुन्हा जळलं. १९६८ नंतर मोठा भाग वाटला तो कपाटावरच्या क्रमांकाने. विषम क्रमांक एकाला, सम दुसऱ्याला. म्हणजे एखाद्या जुन्या नियतकालिकाचे खंड दोन गावांत विभागले गेले. भावाभावांची वाटणी झाली की तांब्याभांड्यांवरून असंच होतं, फक्त इथे भाऊ म्हणजे डॉक्टरेटवाले होते.

त्याच १९६८ मध्ये कॅथलिक पक्ष भाषेवर फुटला. १९७२ ला लिबरल, १९७८ ला समाजवादी. तेव्हापासून इथे देशभर मतं मागणारे मोठे पक्षच नाहीत. अपवाद डाव्या टोकाच्या कामगार पक्षाचा. मी फ्लेमिश पक्षांना मत देऊ शकतो, वालोनियातल्या लीएजच्या उमेदवाराला नाही. मला वाटतं, सीमा आखण्यापेक्षा हे जास्त महागात पडलं. दुसऱ्या भाषेच्या मतदाराला खूश ठेवण्याचं कारणच कुणाला उरलं नाही.

आजीचा_बटवा | सोमवार, दुपारी ३:१०

ल्युव्हनकर, रोजच्या जगण्यात कितपत जाणवतं हे? आमचा भाचा ब्रुसेल्सला आयटीत आहे, तो म्हणतो काहीच जाणवत नाही.

ल्युव्हनकर | सोमवार, संध्याकाळी ७:४५

ताई, ब्रुसेल्सच्या ऑफिसात जाणवणार नाही, तिथे सगळे इंग्रजी बोलतात. घर फ्लँडर्समध्ये घेतलं की कळतं. पालिकेच्या खिडकीवर बाई फ्रेंच उत्तम जाणते, इंग्रजीही, पण कागद डचमध्येच. मी तुटक डच बोलायला लागलो की तिचा चेहरा खुलतो आणि मग तीच इंग्रजीत समजावते. तत्त्व सांभाळलं गेलं की माणसं मोकळी होतात, असा माझा अनुभव.

गाडी चालवताना गंमत. उत्तरेत पाटीवर ‘बेर्गन’ लिहिलेलं असतं, त्याच्या मागे निघालात आणि सीमा ओलांडलीत की बेर्गन गायब, ‘मॉन्स’ सुरू. गाव एकच. रेल्वेतल्या घोषणाही सीमेवर भाषा बदलतात. २०२४ मध्ये एका कंडक्टरने व्हिल्व्होर्डेजवळ, म्हणजे फ्लेमिश हद्दीत, डच नमस्काराला जोडून ‘बोंजूर’ म्हटलं आणि एका प्रवाशाने भाषा-नियंत्रण आयोगाकडे तक्रार केली. हो, असा आयोग आहे.

रूळावरचा | सोमवार, रात्री ८:३०

रेल्वेचा विषय निघाला म्हणून. २७ मार्च २००१, पेक्रो. वाव्हरहून एक रिकामी गाडी लाल सिग्नल ओलांडून चुकीच्या रुळावर गेली, समोरून ल्युव्हनची प्रवासी गाडी. वाव्हरच्या सिग्नलवाल्याने ल्युव्हनला फोन केला. हा फ्रेंच, तो डच, निरोप कळला नाही. आठ माणसं गेली. दोन्ही स्टेशनांत अंतर किती, तर वीस-पंचवीस किलोमीटर. मी सिग्नल विभागात नोकरी केली आहे, म्हणून सांगतो, अशा फोनवर बोलायचे शब्द मोजके आणि आधीच ठरलेले असले पाहिजेत. हिंदी, तमिळ, आसामी अशा दहा भाषांच्या माणसांवर आपली रेल्वे त्यामुळेच चालते. दोन-तीनच भाषांच्या देशात ते न होणं याला काय म्हणावं?

सीमाभागातला | सोमवार, रात्री ९:०२

गाव हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या बघा, सलगता बघा, हे आम्ही बेळगाव-निपाणीकडचे लहानपणापासून ऐकत आलोय. बेल्जियमने गाव हाच घटक धरला आणि तरीही भांडण संपलं नाही हे वाचून गंमत वाटली. आमचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. निदान त्यांनी रेघ तरी आखली...

(प्रतिसादाचा उरलेला भाग संपादित. सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा आहे, कृपया तिथे लिहावे. – संपादक मंडळ)

कडुलिंब | सोमवार, रात्री ९:५०

@सीमाभागातला : तुमच्या मुद्द्याला जवळचं उदाहरण व्हुरेनचं आहे, फ्रेंचमध्ये फुरोन. सहा खेडी, चारेक हजार वस्ती. १९३० च्या जनगणनेत डच बहुमत, १९४७ ला फ्रेंच. लोक तेच, घरात बोलायची बोली तीच, उत्तर बदललं. १९६२ ला वरच्या वाटाघाटीत मूस्क्रों आणि कोमीन हे पश्चिमेकडचे भाग फ्रेंच एनो प्रांताला मिळाले आणि त्याच सौद्यात व्हुरेन फ्रेंच लीएज प्रांताकडून काढून डच लिंबुर्गला जोडलं. गावकऱ्यांच्या विरोधाला कुणी जुमानलं नाही. मग वीस-पंचवीस वर्षं मारामाऱ्या. जोझे हापार नावाचा शेतकरी नेता ‘पुन्हा लीएजमध्ये’ म्हणत निवडून आला, १९८३ ला महापौर झाला, आणि डच येत असल्याचं सिद्ध करायला ठाम नकार दिला. कोर्टाने नेमणूक रद्द केली, तो पुन्हा हजर. ऑक्टोबर १९८७ मध्ये या एका महापौरावरून देशाचं सरकार पडलं.

आणि शेवट कसा व्हावा? २००० साली युरोपियन युनियनच्या नियमाने युनियनमधल्या इतर देशांच्या रहिवाशांना पालिकेत मत मिळालं. व्हुरेनमध्ये स्वस्त घरं घेऊन राहिलेले नेदरलँड्सचे लोक बरेच होते. त्यांच्या मतांनी फ्लेमिश बाजू जिंकली आणि प्रश्न थंडावला. वाटाघाटी, कोर्ट, मोर्चे यांनी जे झालं नाही ते घरांच्या किमतींनी केलं.

पोलादीमामा | मंगळवार, सकाळी ७:५५

वालूनांची बाजू कुणी मांडतच नाहीये

पोलादाच्या कारखान्यात जन्म गेला. कामानिमित्त लीएजजवळ सराँगला राहिलो आहे. तिथे १८१७ साली कॉकरिलने कारखाना टाकला. ब्रिटनबाहेर युरोपात यंत्रयुग आलं ते या पट्ट्यातून. शंभर-सव्वाशे वर्षं कोळसा, लोखंड, काच यांवर देश जगला. तेव्हा गरीब फ्लँडर्सला पोसलं कुणी? हे तिकडच्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडी आहे.

दुसरं, वालून लोकांचीही भाषा गेली हो! वालून ही फ्रेंचची बहीण, पण वेगळी बोली. शाळेत ती बोलली की मार. आज ती म्हाताऱ्यांपुरती उरली. ‘फ्रेंच भाषक’ म्हणून ज्यांना झोडपतात त्यांच्या आज्याही घरात फ्रेंच बोलत नव्हत्या. फ्लेमिश लोक आपल्या भाषेसाठी लढले, हे लढले नाहीत, एवढाच फरक.

तिसरं, भीती. १९१२ साली झ्यूल देस्त्रे या शार्लरोआच्या समाजवादी नेत्याने राजाला उघड पत्र लिहिलं की महाराज, तुमच्या राज्यात वालून आहेत, फ्लेमिश आहेत, बेल्जियन कुणी नाही. कारण त्याला दिसत होतं की मतदान खुलं झालं की फ्लेमिश बहुमत कायमचं. ते १९५० ला खरं ठरलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना शरण गेलेल्या राजाला, लिओपोल्ड तिसऱ्याला, परत घ्यायचं का यावर कौल घेतला. फ्लँडर्समध्ये ७२ टक्के होकार, वालोनियात ४२, ब्रुसेल्समध्ये ४८. एकूण जवळपास ५८. राजा परतला आणि वालोनिया पेटलं. लीएजजवळ ग्रास-बेर्लरला पोलिसांच्या गोळीबारात चार माणसं गेली. राजाला पायउतार व्हावं लागलं. फ्लेमिश म्हणाले, बहुमत आमचं आणि चाललं तुमचं. दोन्ही बाजूंना आपणच नागवलो गेलो असं वाटण्याची ही त्या देशाची खास रीत.

मग खाणी बसल्या. १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीत २६२ मेले, निम्म्याहून जास्त इटालियन मजूर. १९६०-६१ च्या थंडीत मोठा संप झाला. आंद्रे रेनार या कामगार पुढाऱ्याचं म्हणणं होतं की आमच्या कारखान्यांचे निर्णय ब्रुसेल्समधले बँकवाले आणि फ्लेमिश बहुमत घेतं, आम्हाला आमचा कारभार द्या. संघराज्य मागणारे फक्त फ्लेमिश होते असं समजू नका. त्यांना भाषेसाठी स्वायत्तता हवी होती, यांना कारखान्यांसाठी. म्हणून तर तिथे ‘समाज’ वेगळे आणि ‘प्रदेश’ वेगळे, असा दुहेरी पसारा झाला.

चिंचगूळ | मंगळवार, सकाळी ९:२०

मामा, जबरदस्त. यावर वेगळा लेख होऊन जाऊ द्या. समाज आणि प्रदेश हे काय प्रकरण आहे ते कुणीतरी सोपं करून सांगा.

ल्युव्हनकर | मंगळवार, दुपारी १:०५

प्रयत्न करतो. १९७० पासून सहा वेळा राज्यघटना उसवली. प्रदेश तीन : फ्लँडर्स, वालोनिया, ब्रुसेल्स. यांच्याकडे रस्ते, उद्योग, घरं. समाज तीन : फ्लेमिश, फ्रेंच, जर्मन. यांच्याकडे शाळा, संस्कृती. फ्लेमिशांनी आपला समाज आणि प्रदेश एकत्र करून एकच विधिमंडळ ठेवलं, आणि राजधानी केली ब्रुसेल्स, जे त्यांच्या प्रदेशात नाहीच. फ्रेंचांनी दोन्ही वेगळे ठेवले. जर्मन समाज म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून आलेला ऑयपनचा भाग, ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती, पण स्वतःचं सरकार आणि मंत्री. या भांडणात सगळ्यात सुखी तेच.

केंद्रात पंतप्रधान वगळून डच आणि फ्रेंच मंत्री समसमान. मोठ्या कायद्यांना दोन तृतीयांश तर हवेतच, शिवाय दोन्ही भाषागटांत वेगवेगळं बहुमत. १९९३ मध्ये घटनेचं पहिलं कलमच बदलून ‘बेल्जियम हे संघराज्य आहे’ असं लिहिलं.

टपरीवाला_तत्त्वज्ञ | मंगळवार, दुपारी २:४०

म्हणजे सरकार बनवायला दोन-दोन वर्षं लागतात ती यामुळेच. २०१० च्या जूनमधली निवडणूक आणि डिसेंबर २०११ मध्ये एलिओ दी रुपो यांचं सरकार, मध्ये ५४१ दिवस. लोकांनी विक्रम झाला म्हणून रस्त्यावर फुकट फ्राइज वाटल्या होत्या ना? आपल्याकडे पेढे वाटले असते. (हलके घ्या.)

पायवाट | मंगळवार, रात्री ९:३३

थोडा वेगळा सूर

सगळे या देशाची टिंगल करतायत म्हणून लिहावंसं वाटलं. ५४१ दिवस सरकार नव्हतं, पण गाड्या धावल्या, पेन्शनी मिळाल्या. शतकभर दोन गट एकमेकांना शिव्या घालतायत आणि बळी किती? १९५० चे चौघे राजाच्या प्रश्नावर गेले. १९७० मध्ये ब्रुसेल्सच्या लाकनमध्ये पोस्टर लावताना झालेल्या मारामारीत फ्रेंच भाषकांच्या पक्षाच्या एका कार्यकर्त्याचा मृत्यू झाला. या यादीत आणखी फार नावं निघत नाहीत. त्याच काळात बेलफास्ट आठवा, बास्क आठवा, युगोस्लाव्हिया आठवा. जाफना तर धड्यातच आहे. दहावीच्या मुलाला शिकवायला हे उदाहरण मला तरी योग्य वाटतं. आकडे चुकले असतील, धडा चुकला नाही.

कडुलिंब | मंगळवार, रात्री १०:२०

@पायवाट : रक्त सांडलं नाही हे शंभर टक्के मान्य. पण धडा म्हणतो ते ‘एकत्र नांदले’. ते नांदत नाहीयेत, शेजारी राहतायत. वेगळ्या शाळा, वेगळे पक्ष, वेगळी टीव्ही चॅनेलं. १३ डिसेंबर २००६ ला बेल्जियमच्याच फ्रेंच भाषेतल्या सरकारी वाहिनीने कार्यक्रम मध्येच थांबवून ‘फ्लँडर्सने स्वातंत्र्य जाहीर केलं’ अशी खोटी बातमी दिली आणि असंख्य लोकांना ती खरी वाटली. लोकांना ती खरी वाटू शकली, यातच सगळं आलं. त्यानंतर सात महिन्यांनी, राष्ट्रीय दिनी, पंतप्रधानपदाच्या दारात उभ्या असलेल्या इव्ह लेतेर्म यांना पत्रकाराने बेल्जियमचं राष्ट्रगीत म्हणायला सांगितलं, तर त्यांनी फ्रान्सचं म्हटलं.

पायवाट | मंगळवार, रात्री १०:४१

शेजारी शांतपणे राहणं हेही कमी नाही. एकाच घरात राहायचा हट्ट धरून डोकी फोडण्यापेक्षा बरं. असो, इथे आपलं जमणार नाही.

इतिहासाचा_किडा | बुधवार, सकाळी ११:१५

पहिल्या महायुद्धाशिवाय हा धागा अपुरा राहील. चार वर्षं बेल्जियन सैन्य एझर नदीच्या काठी चिखलात बसलं होतं. साधे शिपाई मोठ्या प्रमाणावर फ्लेमिश, अधिकारी बहुतांश फ्रेंच बोलणारे. हुकूम न समजल्यामुळे शेकडो शिपाई मेले ही दंतकथा आहे, इतिहासकारांना तिला आधार सापडत नाही. पण अपमान खरा होता. त्यातून खंदकांत गुप्त चळवळ उभी राहिली. डिक्समाउदला त्यांच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. तो मार्च १९४६ मध्ये सुरुंग लावून उडवला, मग शेजारी ८४ मीटरचा नवा उभारला.

उडवला का? कारण दोन्ही युद्धांत जर्मनांनी फ्लेमिश चळवळीला गोंजारलं. १९१६ ला गेंटचं विद्यापीठ पहिल्यांदा डच केलं ते बेल्जियमने नव्हे, जर्मन लष्कराने. चळवळीतले काही जण त्यांच्याबरोबर गेले. दुसऱ्या युद्धात तर बरेच गेले आणि नंतर शिक्षा झाल्या. फ्रेंच बाजूला सहकार्य करणारे नव्हते असं नाही, ‘रेक्स’ या फॅसिस्ट पक्षाचा लेओं देग्रेल वालूनच. पण फ्लेमिश राष्ट्रवाद म्हणजे फितुरी हा शिक्का अजून पुरता गेलेला नाही.

आणि ११ जुलै हा फ्लँडर्सचा सण १३०२ च्या कॉर्टराइकच्या लढाईचा. विणकर, खाटीक अशा पायदळाने फ्रेंच सरदारांचा धुव्वा उडवला आणि त्यांच्या टाचांना बांधायचे सोनेरी काटे गोळा करून देवळात टांगले. तेव्हा भाषेचा संबंध यथातथाच होता, वालोनियातल्या नामूरचे लोकही फ्लेमिश बाजूने लढले होते. एकोणिसाव्या शतकाने त्यात भाषा भरली.

आजीचा_बटवा | बुधवार, दुपारी ४:००

सध्या काय चाललंय मग? फ्लेमिश राष्ट्रवादीच पंतप्रधान झालेत ना?

ल्युव्हनकर | बुधवार, रात्री ८:५०

हो, ३ फेब्रुवारी २०२५ पासून बार्ट डी वेव्हर. याच गृहस्थांनी २००५ साली ट्रक भरभरून खोट्या नोटा स्त्रेपी-त्यूच्या बोटीच्या लिफ्टपाशी नेल्या होत्या, फ्लँडर्सचा पैसा वालोनियात कसा वाहून जातो ते दाखवायला. कारण आता पारडं पूर्ण फिरलंय : अँटवर्प बंदर, रसायनं, औषधं सगळं उत्तरेत, आणि सामाजिक सुरक्षेचा निधी सामाईक. ज्यांना देश मोडायचा होता त्यांनाच आता त्याचं अंदाजपत्रक सावरावं लागतंय. मोडत का नाही, तर ब्रुसेल्समुळे. ते कुणालाच सोडायचं नाही आणि वाटताही येत नाही. शिवाय देशाचं कर्ज. ते कसं वाटणार?

ब्रुसेल्समधला पेच तर आणखी वेगळा झाला. तिथल्या विधिमंडळात ८९ जागा, त्यातल्या ७२ फ्रेंच गटाला आणि १७ डच गटाला, कायद्याने ठरलेल्या. सरकारला दोन्ही गटांत बहुमत हवं. जून २०२४ च्या निवडणुकीनंतर वर्ष उलटलं तरी सरकार बनेना, कारण फ्रेंच समाजवाद्यांना डी वेव्हर यांच्या पक्षाबरोबर बसायचं नव्हतं आणि डच गटात त्यांच्याशिवाय गणित जमत नव्हतं.

टपरीवाला_तत्त्वज्ञ | बुधवार, रात्री ९:१५

सतरा जागांत एवढं काय अडतं?

ल्युव्हनकर | बुधवार, रात्री ९:४२

मतदाराला मतदानाच्या वेळी कोणत्याही भाषेची यादी निवडता येते, घरी काय बोलता ते कुणी विचारत नाही. डच गटात जागा मिळवायला मतं पुष्कळ कमी लागतात. २०२४ ला फुआद अहिदार यांच्या नव्या पक्षाने तिथे उभं राहून १७ पैकी ३ जागा घेतल्या आणि मतं प्रामुख्याने मुस्लिम वस्त्यांतून आणली, जिथे घरची भाषा डचही नाही आणि बऱ्याचदा फ्रेंचही नाही. २००१ मध्ये ब्रुसेल्सच्या या ठरावीक जागा राखल्या त्या फ्लेमिश अल्पसंख्याकांचा आवाज दबू नये म्हणून. आता त्या जागा कुणाच्या, यावर फ्लेमिश पक्षांतच जुंपली आहे. काही जण म्हणतात नियम कडक करा, काही म्हणतात यादी डच आहे, निवडून आलेला विधिमंडळात डच बोलतो, मग तक्रार कसली.